आठ तोंडे आणि दहा दिवसांचा पगार

बारामतीहून इंदापूरकडे निघाले की भवानीनगर, बेलवाडी, लासुर्णे मागे पडतात आणि अंथुर्णे येते. नीरा डाव्या कालव्याचे पाणी या पट्ट्यात १८८५च्या सुमारास पोहोचले आणि कोरडवाहू माळावर हळूहळू ऊस उभा राहिला. एका अंगाला वालचंदनगर, दुसऱ्या अंगाला भवानीनगरचा छत्रपती सहकारी साखर कारखाना. आषाढीच्या वारीत तुकोबांची पालखी अंथुर्ण्यावरून जाते. वारकऱ्याला किंवा एसटीच्या खिडकीतून पाहणाऱ्याला सगळीकडे हिरवेगारच दिसते आणि हा मुलूख पैशाला कमी नसेल असे वाटते.

त्याच हिरव्या पट्ट्यात एक एकरवाले आहेत, अर्ध्या एकरवाले आहेत आणि दुसऱ्याच्या रानात खुरपणीला जाणारी बिनजमिनीची घरे आहेत. घरात माणसे सात-आठ. अशा घराचा हिशेब शहरातल्या पगारदाराच्या हिशेबासारखा चालत नाही, कारण एक तारखेला ठरलेली रक्कम घेऊन येणारा इथे कोणी नसतो. दुधाचा पगार दर दहा दिवसांनी येतो. मजुरी आठवड्याच्या बाजाराला हातात पडते. उसाचे तर विचारूच नये. जुलै-ऑगस्टात लावलेला आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो आणि तुटून गेल्यावर त्याचे पैसे हप्त्याहप्त्याने येतात. कायदा, म्हणजे १९६६चा ऊस नियंत्रण आदेश, चौदा दिवसांत रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, द्यायला सांगतो. उशीर झाल्यास पंधरा टक्के व्याजही. २०२४-२५च्या हंगामात हा दर १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,४०० रुपये होता आणि त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. पण दीड वर्ष वाट पाहून आलेले पैसे बहुतेक वेळा सोसायटीचे पीककर्ज आणि खताची उधारी फेडण्यातच जातात.

पोटाला मात्र रोज लागते.

एक घर कल्पनेने उभे करू. आजी-आजोबा, नवरा-बायको, धाकटा दीर आणि तीन मुले, अशी आठ माणसे. दीर अजून शिकतो आहे. एक गाय आहे. पेंड आणि वैरण वजा जाता तिचे महिन्याला ३,६०० रुपये उरतात असे धरू. नवऱ्याला दिवसाला ५०० आणि बायकोला ३०० रुपये मजुरी धरू. शिवाय २०२४च्या जुलैपासून सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये तिच्या खात्यावर येतात. दोघांना महिन्यात पंधरा दिवस काम मिळाले तर घरात १७,१०० रुपये आले. हंगामात बावीस दिवस मिळाले तर २२,७००. पावसाळ्यात, रानात पाय घालता येत नाही अशा महिन्यात पाचच दिवस मिळाले, तर ९,१००. घरखर्च १६,००० धरला, तर सरासरीने हे घर भागते. कागदावर तर महिन्याला अकराशे शिल्लकही पडतात. तरी त्या पावसाळी महिन्यात ६,९०० रुपये कमी पडतात आणि ते कोणाकडून तरी आणावेच लागतात.

हे आकडे उदाहरणासाठी आहेत, पण ते हवेतले नाहीत. २०२२-२३च्या राष्ट्रीय कुटुंब उपभोग खर्च सर्वेक्षणात महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातला सरासरी दरडोई मासिक खर्च ४,०१० रुपये निघाला. म्हणजे आठ माणसांमागे ३२,०८०. देशाच्या ग्रामीण भागातल्या तळाच्या पाच टक्के लोकांचा तोच खर्च १,३७३ रुपये होता, आठ माणसांमागे ११ हजारांच्या आत. आपले कल्पनेतले घर या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी आहे. ते उपाशी नाही, पण एका आजारपणाने किंवा एका गाभडलेल्या गायीने खाली घसरेल इतके काठावर आहे.

गरीब घराला काटकसर शिकवायला सगळेच पुढे येतात. खरे तर चहात दूध किती घालायचे, तेल किती दिवस पुरवायचे, थोरल्याचा सदरा धाकट्याला कधी द्यायचा, हे ठरवून ठरवून त्या घरातली बाई काटकसरीची शेवटची पायरी केव्हाच गाठून बसलेली असते. तिची खरी झुंज असते ती पैसा येण्याची वेळ आणि जाण्याची वेळ यांच्यामधल्या अंतराशी. ते अंतर ज्या दराने भरून निघते, त्या दरावर घर तरणार की बुडणार हे ठरते.

या अंतराचा इतिहास याच परिसरात लिहिला गेला आहे. मुंबई इलाख्याच्या जमीन महसुलाची नवी पद्धत गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ साली सर्वांत आधी इंदापूर तालुक्यात लागू केली. तीस वर्षांसाठी सारा ठरला. मुदत संपल्यावर १८६७मध्ये फेरआकारणीही इंदापुरापासूनच सुरू झाली आणि सारा भरमसाट वाढला. ही वाढ नेमकी चुकीच्या वेळी आली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि सावकार मागेल तेवढे कर्ज देत होते. युद्ध संपले, भाव कोसळला, सावकारांनी हात आखडला आणि सरकारचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला रोखीत भरायचा राहिला. पीक पावसाच्या मर्जीवर आणि सारा तारखेच्या. मधल्या फटीत सावकाराची वही.

१२ मे १८७५ रोजी सुपे गावात आसपासचे शेतकरी जमले. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आज ते बारामती तालुक्यात आहे. त्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली, वह्या आणि कर्जरोखे मागून घेतले आणि जाळले. लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत पसरले. पुढे नेमलेल्या दख्खन दंगे आयोगासमोर आलेल्या एका प्रकरणात शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज लावलेले आढळले. हे कसे घडले, ते समजून घेण्यासारखे आहे. १८५९च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याला तीन वर्षांचीच मुदत घातली होती. हेतू कुळाला वाचवण्याचा होता. सावकार दर तीन वर्षांनी जुने मुद्दल आणि थकलेले व्याज एकत्र करून त्या बेरजेचा नवा रोखा लिहून घेऊ लागला, आणि व्याजाला व्याज लागत गेले. दामदुपटीची जुनी रीत, म्हणजे व्याज मुद्दलापेक्षा जास्त होऊ द्यायचे नाही ही मर्यादा, या नव्या रोख्यांमुळे पांगळी झाली. १८७९चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा या दंग्यांनंतर आला.

तुकोबांच्या घरीही सावकारी होती. १६३०च्या आसपासच्या दुष्काळात त्यांचा व्यापार बुडाला आणि पुढे त्यांनी आपल्या वाटणीचे कर्जरोखे इंद्रायणीत बुडवले, असे परंपरा सांगते. दरवर्षी अंथुर्ण्यावरून जाणारी पालखी अशा माणसाची आहे ज्याने स्वतःचे येणे स्वतःहून सोडून दिले.

आजच्या गावात सावकाराचा दर शेकड्यात सांगतात. ‘शेकडा पाच’ म्हणजे शंभराला महिन्याला पाच. ऐकायला लहान वाटतो, पण तो वर्षाला साठ टक्के होतो. आपल्या घराने ते ६,९०० रुपये ७,००० करून या दराने आणले, तर महिन्याला ३५० रुपये व्याज. सहा महिन्यांनी, हंगाम सुरू झाल्यावर फेडले तर २,१०० रुपये नुसते व्याज गेले, म्हणजे त्या बाईची सात दिवसांची मजुरी. याच दराने वीस महिन्यांत व्याज मुद्दलाएवढे होते आणि जुनी दामदुपटीची रेषा गाठली जाते. महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायदा २०१४ साली लागू झाला. त्याखाली परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारण कर्जावर वर्षाला ९ आणि विनातारण कर्जावर १२ टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. इतरांसाठी हे दर १५ आणि १८ टक्के आहेत. बेकायदा सावकारीत बळकावलेली जमीन परत मिळवण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे आणि तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे करता येते. शेकडा पाचने घेणारा या कायद्याच्या बाहेर उभा आहे, हे प्रत्येक घरात माहीत असायला हवे.

शंभर वर्षांपूर्वी पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी एका गावातल्या प्रत्येक घराचा जमाखर्च मांडण्याचा खटाटोप केला. गाव पिंपळे सौदागर, आज पिंपरी-चिंचवडच्या इमारतींत हरवलेले. १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत १०३ कुटुंबांपैकी फक्त ८ घरे नुसत्या शेतीवर धड उभी होती. बाहेरची मजुरी जोडून आणखी २८ घरे सावरत होती. उरलेल्या ६७ घरांचा हिशेब जुळतच नव्हता. त्यातली मधली २८ घरे फार बोलकी आहेत. गरीब घर एका धंद्यावर कधीच उभे नव्हते. शेत, जनावर, मजुरी असे दोन-तीन पाय टेकूनच ते उभे राहत आले. अंथुर्ण्याकडचे घर आजही तेच करते.

पैसे साठवण्याच्या आणि उचलण्याच्या जागाही अशाच अनेक असतात. डॅरिल कॉलिन्स, जोनाथन मॉर्डक, स्टुअर्ट रदरफर्ड आणि ओर्लांडा रुथवेन यांनी भारत, बांगलादेश आणि दक्षिण आफ्रिकेतल्या अडीचशेवर गरीब घरांच्या पैशांच्या रोजनिश्या वर्षभर नोंदवल्या; त्यांचे पुस्तक २००९ साली आले. चारपेक्षा कमी प्रकारची आर्थिक साधने वापरणारे एकही घर त्यांना सापडले नाही. भारतात सरासरी आठाच्या वर गेली. आपल्या गावात मोजून पाहिले तर तेच दिसेल: किराणा दुकानातली वही, भिशी, बचत गट, सोसायटी, डेअरीची उचल, सोनाराकडचे गहाण, भावाकडून हातउसने आणि दावणीची शेळी.

हंगामात उरलेले ६,७०० रुपये घरातच ठेवले तर पावसाळ्यात कामाला येणार नाहीत का? येतील, जर ते पावसाळ्यापर्यंत टिकले तर. आठ माणसांच्या घरात रोख पैसा दिसला की त्याला आठ मालक होतात. आजोबांचे औषध, दिराची परीक्षा फी, नणंदेच्या घरचा कार्यक्रम, शेजारणीची नड. यातली एकही मागणी खोटी नसते, म्हणून नाही म्हणणे अवघड जाते. त्यामुळे शहाणी बाई पैसा अशा ठिकाणी ठेवते जिथून तो पटकन काढता येत नाही. शेळी पाळते, भिशी लावते. बाहेरच्याला हे अडाणीपणाचे वाटते, कारण बँकेत व्याज मिळते आणि भिशीत मिळत नाही. मात्र भिशीत हप्ता चुकवला तर अकरा जणींपुढे मान खाली घालावी लागते, आणि ती सक्तीच तिला हवी असते.

बारा जणींची पाचशे रुपयांची भिशी घ्या. दर महिन्याला सहा हजार जमतात आणि एकीला मिळतात. पहिल्या महिन्यात घेणारीला ते बिनव्याजी कर्ज असते, शेवटच्या महिन्यात घेणारीची ती बचत असते. बिनव्याजी सहा हजार आणि शेकडा पाचचे सहा हजार यांत सहा महिन्यांना अठराशे रुपयांचा फरक पडतो. धोका एकच, पण मोठा आहे. नोंदणी नसलेल्या भिशीला कायद्याचे संरक्षण नाही. चालवणारी व्यक्ती पैसे घेऊन गेली तर दाद मागणे कठीण. म्हणून ओळखीच्या, एकाच आळीतल्या बायकांच्या लहान भिशीच्या पुढे जाऊ नये, आणि मोठ्या परताव्याचे आमिष दाखवणाऱ्या ‘भिशी’ला तर दारातही उभे करू नये.

बचत गटाचा पाया यापेक्षा पक्का आहे. पुणे जिल्ह्यातच, खेड तालुक्यात, डॉ. सुधा कोठारी यांच्या ‘चैतन्य’ने १९८९पासून गट उभे केले, नाबार्डने गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग १९९२मध्ये सुरू केला. गटात आपसातले कर्ज बहुधा शेकडा दोनने देतात. तोही वर्षाला चोवीस टक्के होतो, हे विसरू नये, पण ते व्याज गटाच्याच पेटीत राहते आणि पुढे त्याच बायकांच्या हिश्शाला येते. अलीकडे दारोदार येणाऱ्या सूक्ष्म कर्जाच्या कंपन्यांचे प्रकरण वेगळे आहे. तिथला हप्ता आठवड्याचा किंवा महिन्याचा, पाऊस असो वा नसो. रिझर्व्ह बँकेच्या २०२२च्या नियमांनुसार घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होऊ नयेत. आपल्या घराची सरासरी १७,१०० धरली तर ही मर्यादा साडेआठ हजारांवर जाते, आणि पावसाळी महिन्यात तर हातात ९,१००च येणार आहेत. अशा घराने हप्ता ठरवताना वर्षातला सगळ्यांत वाईट महिना समोर ठेवावा.

म्हसवडची गोष्ट बचतीच्या बाबतीत फार मोलाची आहे. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या या गावी सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हा यांच्याकडे लोहारकाम करणारी एक बाई आली. पावसाळ्याआधी झोपडीवर ताडपत्री टाकायची म्हणून तिला थोडे थोडे पैसे साठवायचे होते आणि बँक इतक्या लहान रकमेचे खाते उघडत नव्हती. बायकांनी स्वतःची बँक काढायचे ठरवले. अर्ज करणाऱ्या बायका निरक्षर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने तो आधी नाकारला. त्या लिहावाचायला शिकू लागल्या, पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या की मुद्दल सांगा, व्याज आम्ही तोंडी काढून दाखवतो. १९९७मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. त्या बाईला ताडपत्रीसाठी कोणाची देणगी नको होती. पाऊस यायच्या आत रुपया-रुपया सुरक्षित ठेवायला जागा हवी होती.

मोठ्या कुटुंबाला आणखी एक हिशेब असतो: माणसांचा. एकत्र चुलीत सरपण, दिवा, भाडे वाटले जाते, म्हणून दरडोई खर्च कमी होतो. अर्थात वाचलेला पैसा ताटात यायला हवा. अँगस डीटन आणि क्रिस्टिना पॅक्सन यांनी १९९८मध्ये अनेक देशांची आकडेवारी तपासली तेव्हा उलटेच दिसले: दरडोई खर्च तितकाच असलेल्या घरांत, घर मोठे तसा माणशी अन्नावरचा खर्च कमी. याचे समाधानकारक उत्तर अर्थशास्त्रज्ञांना सहजी सापडलेले नाही. आपल्याकडे मात्र सगळ्यांचे झाल्यावर जेवणाऱ्या सुनेच्या ताटात डोकावायला हवे. घराचा जमाखर्च जुळला आणि तिची भाजी संपली, तर तो जुळलेला नाही.

रेशनचा नियम मोठ्या घराने नीट समजून घ्यावा. अन्न सुरक्षा कायदा २०१३नुसार अंत्योदय कार्डाला घरामागे महिन्याला ३५ किलो धान्य मिळते, माणसे कितीही असोत; प्राधान्य कार्डाला माणशी ५ किलो. म्हणजे आठ माणसांच्या प्राधान्य घराला ४० किलो मिळते. ग्रामीण भागात या यादीसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ४४ हजार रुपये आहे. आपल्या कल्पनेतल्या घराचे उत्पन्न त्याच्या कितीतरी वर जाते आणि तरी ते गरीबच आहे, यावरून ही मर्यादा किती जुनी झाली ते कळते. २०२३पासून हे धान्य मोफत आहे. खेड्यात माणूस महिन्याला सरासरी साडेनऊ-दहा किलो धान्य खातो. म्हणजे निम्मी भूक रेशनवर भागते आणि उरलेल्या निम्म्यासाठी पैसे लागतात. घरात आलेल्या सुनेचे नाव माहेरच्या कार्डावरून काढून इकडे लावले नाही, किंवा जन्मलेल्या बाळाचे नाव घातले नाही, तर दरमहा पाच किलोवर पाणी पडते. वर्षाला साठ किलो. तहसीलच्या एका खेपेचा रोज बुडाला तरी ही खेप परवडते.

ऊसतोडीला येणाऱ्या घरांचा हिशेब उलटा बांधलेला असतो. बीडकडून दिवाळीच्या सुमारास या पट्ट्यात कोयते उतरतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्यांनी मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते आणि ती बहुधा लग्नात, दवाखान्यात किंवा जुन्या उचलीत खर्चूनही झालेली असते. मग हंगामभर पाचटात राबून ती फेडायची. हंगाम लवकर संपला किंवा बाई आजारी पडली तर राहिलेली रक्कम पुढच्या वर्षावर जाते आणि पुढच्या वर्षीचे कामही आताच विकले जाते. त्यांच्या कोपीत सगळ्यांत स्वस्त मिळणारी वस्तू म्हणजे कर्ज, आणि त्याची किंमत मुलांच्या बुडालेल्या शाळेत मोजली जाते. याबद्दल आपण बागायतवाल्यांनी शरमायला हवे.

दवाखाना हा काठावरच्या घराला खाली ढकलणारा सगळ्यांत मोठा धक्का. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत घरामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार ठरलेल्या रुग्णालयांत होतात. पण बुडालेली मजुरी, सोबत्याचे जेवण आणि गाडीभाडे त्यात येत नाही, आणि घर खचते ते बहुधा त्यापायीच. कमावत्या दोघांचा वर्षाला २० रुपयांचा अपघात विमा आणि ४३६ रुपयांचा जीवन विमा मात्र बँकेच्या खात्यातून काढायलाच हवा. दोन्हीत दोन-दोन लाखांचे संरक्षण आहे. एवढा हप्ता हे घर भरू शकते.

आणि मग जून येतो. तोडणी संपलेली, उसाचे आलेले पैसे खतात आणि सोसायटीत गेलेले, पेरणी तोंडावर, गाय आटलेली, मजुरी पावसावर अवलंबून. याच महिन्यात शाळा उघडते. सरकारी आणि अनुदानित शाळेत आठवीपर्यंत पुस्तके मोफत मिळतात. वह्या, चपला, दप्तर, नववीच्या मुलीची पुस्तके आणि दिराचा प्रवेश घरावर. लाडकी बहीणचे पैसे हाच त्या घरातला दरमहा ठरलेला आकडा, आणि तो बाईच्या स्वतःच्या खात्यात येतो. म्हणून भिशीचा हप्ता त्यातूनच जाऊ द्यावा, मजुरीतून नव्हे. बारा जणींच्या भिशीत जून आणि जुलैचा नंबर चिठ्ठीवर सोडण्याचीही गरज नाही. ज्यांच्या घरी मुले शाळेत आहेत, रान नाही आणि दूध आटले आहे, त्यांना तो जानेवारीतच बोलून देता येतो.